सरन्यायाधीशांची वही

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये असंच वाटतं. तेव्हा मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला पोलिसात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. ऐंशी ओलांडलेल्या एका मराठी बाईंकडे चोरी झाली होती. त्यांचे वडील आफ्रिकेतल्या एका ब्रिटिश वसाहतीत वकील होते. इंग्रज निघायच्या बेतात असताना तिथले पहिले भारतीय सरन्यायाधीश झाले.

चांदीची भांडी जागच्या जागी होती. गेली होती फक्त वडिलांची एक वही. त्या काळी न्यायाधीश साक्षी स्वतःच्या हाताने लिहून घेत. अशा सगळ्या वह्या या काकू एका संग्रहालयाला देणार होत्या.

बागेतल्या चिखलात बुटांचे ठसे मागच्या दारापर्यंत आले होते. आत फिक्या कार्पेटवर मात्र एक डाग नाही. माझा गोरा सहकारी चक्रावला. मी मनात म्हटलं, अरे देवा, हा तर आपल्यातलाच! चोरी करायला आला तोही बूट बाहेर काढून.

"काकू, ही वही कोणी मागितली होती का?"

त्या म्हणाल्या, "लंडनजवळच्या इल्फर्डचा एकजण तीनदा आला होता. बाबांनी त्याच्या वडिलांना फाशी दिली होती. मी दारातूनच परत पाठवला."

आम्ही इल्फर्डला त्याच्या घरी पोचलो, तेव्हा तो साठीतला माणूस वही टेबलावर ठेवून आमचीच वाट बघत बसला होता. स्टेशनवर सॉलिसिटरसमोर त्याने सगळं कबूल केलं.

"साहेब, वडील गेले तेव्हा मी आईच्या पोटात होतो. ती आता नव्वदीची आहे. नातेवाईक अजून तिला खुन्याची बायको म्हणतात. ते पान वाचा तुम्ही."

मी वाचलं. समासात सरन्यायाधीशांनी लिहिलं होतं, साक्षीदार खोटा वाटतो. पण आपल्या माणसाला सोडलं, तर या खुर्चीवर इंग्रज पुन्हा आपला माणूस बसू देणार नाहीत.

"पोलिसांच्या सही-शिक्क्याची एक फोटोकॉपी द्या, मी चोरून काढलेली कोर्ट मानणार नाही. वडिलांच्या नावावरचा डाग धुऊन काढायला अर्ज करायचाय," तो म्हणाला.

"मुद्देमाल आहे. देता येणार नाही."

त्याला समज देऊन सोडलं आणि वही काकूंना परत केली. पुढे तो संग्रहालयात गेला, तेव्हा वहीतलं ते पान कापलेलं होतं. "फाटलं असेल," काकू मला एवढंच म्हणाल्या. त्याच्या अर्जासोबत मी माझं स्टेटमेंट दिलं, पण कागदाशिवाय ते पुरलं नाही. त्याची आई तशीच गेली.

या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी नियमाकडे बोट दाखवलं होतं. खरं सांगतो, त्याच महिन्यात माझी बढती ठरणार होती, आणि मराठी माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणेल, याची मला भीती वाटली.