सांजेला बघा

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ओठांच्या एका कोपऱ्यावर ठेवायची, चेन ओढावी तशी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि मग म्हणायचं, ‘‘सांजेला बघा.’’ तोंडाला कुलूप लावल्यावर बोलायचं नसतं, हे चाचांना कुणी सांगितलं नव्हतं.

ओमानच्या किनाऱ्यावर, खाबुऱ्याजवळ, समुद्राचं पाणी गोडं करण्याचा आमच्या कंपनीचा लहानसा प्लांट होता. मी तिथे ऑफिसात कारकून, चाचा मेसमध्ये आचारी. कोकणातल्या म्हसळ्याकडचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतोय, तेव्हा त्यांना ओमानात येऊन वीस वर्षं झाली होती. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. हिशेब तुम्हीच करा. बायकोबरोबर ते किती राहिले असतील?

कॅम्पमध्ये दोन गोरे इंजिनियर होते. एक ऑस्ट्रेलियन, ताडमाड उंच, त्याला चाचा लांबू म्हणत. दुसरा न्यूझीलंडचा, तो दाढी. दोघांची एरवी गाढ मैत्री. पण वर्षातून एकदा त्यांच्या देशांचा रग्बी लीगचा सामना आला की आठवडाभर एकमेकांना मीठसुद्धा देत नसत. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, आपलाही एक शेजारी आहे. तेरा-तेरा दांडगे गडी, अंडाकृती चेंडू, आणि गंमत म्हणजे पुढे धावायचं पण चेंडू हाताने मागेच फेकायचा. चाचांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा निकाल दिला, ‘‘कबड्डीच हाय ही. फकस्त दम नाय धरीत.’’

सामना तिकडे संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी साडेअकराला. यंत्रांना शुक्रवार ठाऊक नसतो. दोघांची ड्यूटी तीनपर्यंत. म्हणून चाचांनी मेसच्या व्हीसीआरवर कॅसेट लावायची, आंघोळ करून जुम्म्याच्या नमाजाला जायचं, परत येऊन शेवटची पाच मिनिटं बघून रेकॉर्डिंग बंद करायचं. अख्ख्या कॅम्पात निकाल फक्त त्यांना ठाऊक. साहेबलोक जेवायला आले की चाचांच्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसत. बिर्याणी चांगली झाली म्हणजे आपण जिंकलो, असा दाढीचा कयास. लांबूला वाटे, चाचा त्याला जास्त वाढताहेत म्हणजे सांत्वन चाललंय. चाचांचा चेहरा धुतलेल्या पातेल्यासारखा कोरा. ‘‘इव्हिनिंग सी,’’ एवढंच. ड्यूटी सुटली की चाचांची सांज सुरू.

मीही एकदा मराठीतून कानाशी लागलो. ‘‘चाचा, मला तर सांगा. मला काय देणं-घेणं?’’

‘‘मग इचारतोस कशाला? सांजेला बघ.’’

त्याच व्हीसीआरवर ते आणखी एक कॅसेट बघत. थोरल्या मुलीच्या लग्नाची. त्या लग्नाला रजा मिळाली नव्हती. शुक्रवारी सकाळी मेस रिकामी असायची, तेव्हा कांदे चिरत चिरत चाचा आपल्या घरचं लग्न बघायचे. मग कॅसेट रुमालात बांधून टीव्हीखालच्या कपाटात ठेवायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, ‘‘ही बघ तुझी चाची. फोटो काढू देत नाय कुनाला. ह्याच्यातच काय ती गावली.’’

त्या वर्षीच्या सामन्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला ऑफिसचा फोन वाजला. चाचांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. ‘‘आपा गेली,’’ तो म्हणाला. पहाटे छातीत दुखलं, गाडी येईपर्यंत संपलं. ‘‘दफन असरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमाराला. भावजींना झालं ते सांगू नका. सिरियस हाय म्हना आनि विमानात बसवा.’’

आखातात राहिलेल्यांना हा रिवाज माहीत आहे. कुणालाही सरळ सांगत नाहीत. सिरियस म्हणायचं, माणूस घराच्या दारात पोचला की मांडव बघून त्याचं त्याला कळतं.

मी फोनामागून फोन केले. पासपोर्ट कंपनीकडे, मस्कतला रुवीच्या हेड ऑफिसात, शुक्रवारचं कुलूप. विमान मिळणार ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. चाचांना चाचींचं तोंड दिसणार नव्हतं. हे कळायला मला पाऊण तास लागला, आणि मग मेसकडे चालत जायला फार वेळ लागला.

टीव्हीवर लग्नच चालू होतं. चाचा कांदा चिरत होते. मी घरून पाठ करून आल्यासारखं म्हणालो, ‘‘चाचा, फोन होता. चाचींना जरा बरं नाहीये. सिरियस आहे. ॲडमिट केलंय.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मी इतकं वाईट खोटं कधी बोललो नसेन.

‘‘कदी गेली?’’

मी मान खाली घातली.

‘‘तुला जमत नाय, बाबू,’’ चाचा हळूच म्हणाले. सुरी खाली ठेवली. हात पुसले. दफन कधी, विमान कधी, एवढं विचारलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘‘म्याच सुरू होयेल.’’ चॅनेल बदललं, सवयीने टेप सुरुवातीला नेली, व्हीसीआरचं लाल बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. मी समोर उभा होतो. कॅसेट बदलायची राहिली हे माझ्याही लक्षात आलं नाही. आजवर त्याची बोच गेलेली नाही.

नमाजाहून येऊन त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं, टेप मागे घेतली. मला म्हणाले, ‘‘त्यांना बोलू नको. वरसाचा त्यांचा सन. बघून होऊ दे.’’ तीनला साहेब आले, दाढीने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि चाचांनी ओठांवरून चेन ओढली. ‘‘इव्हिनिंग सी.’’ चेहरा कोरा. मला तिथे उभं राहवेना.

साडेतीनला सामना लागला. पावणेचारला चाचा चहाचा ट्रे माझ्या हातात देऊन मागच्या दाराने बाहेर गेले. तिकडे म्हसळ्यात सव्वापाच झाले होते, आता नेत असतील. स्वयंपाकघराच्या मागे वाळूत जानमाज अंथरून ते एकटेच उभे राहिले. दूर असलेल्या मयताची नमाज असते, कोकणातले मुसलमान ती पढतात, हे मला नंतर कळलं. तिच्यात वाकायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. चाचा उभे होते. आत लांबू कशावरून तरी आरोळ्या ठोकत होता. मग त्यांनी जानमाज झटकली, घडी केली आणि माझ्या हातातून ट्रे परत घेतला. चहा गार झाला होता. त्यांनी पुन्हा केला.

शेवटच्या मिनिटाला न्यूझीलंड दोन गुणांनी जिंकलं. दाढी खुर्चीवर चढून नाचायला लागला. लांबूने डोक्याला हात लावला. आणि पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र थरथरलं, आणि तिथे मांडव दिसला.

नवरीला मोटारीत बसवत होते. हिरव्या ओढणीतली एक बाई खिडकीतून डबा आत सरकवत होती. तिचं कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं, तशी ती हसत ‘नको, नको’ म्हणून हात हलवू लागली.

चाचांच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला. काय झालं ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. दोन तासांचं लग्न सामन्याखाली पुसलं गेलं होतं, शेवटची पाठवणी तेवढी उरली होती.

‘‘चाचा, हू इज शी?’’ खुर्चीवरूनच दाढीने हसत विचारलं.

‘‘माय वाइफ,’’ चाचा म्हणाले. ‘‘टुडे फिनिश.’’

दाढी खुर्चीवरून उतरला. अकरा मिनिटं होती, ती आम्ही चौघांनी उभ्याने बघितली. संपल्यावर लांबूने रिमोट घेतला, टेप मागे नेली आणि आपल्या संघाच्या हिरव्या जर्सी दिसायच्या आत नेमकी थांबवून पाठवणी पुन्हा लावली. चाचांना हाताला धरून त्याने खुर्चीवर बसवलं. मग तो आणि दाढी बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. चाचा तेव्हा रडले. माझा हात धरून, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी मी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी सुरीने मोडून टाकली. ती मोडली की त्यावर दुसरं काही चढत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. कॅसेट रुमालात बांधून चाचांनी पिशवीत कपड्यांच्या खाली ठेवली. चाचा विमानतळाच्या गाडीत बसल्यावर मी विचारलं, ‘‘चाचा, परत कधी?’’

अंगठा आणि तर्जनी ओठांच्या कोपऱ्यावर गेली. चेन ओढली गेली. ह्या वेळी पुढे ते काही बोलले नाहीत. गाडी सुटली, आणि चाचा परत आले नाहीत.