आभारात घेतलेलं नाव

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळात गाणाऱ्यांना तोटा नव्हता, नाटकवाले तर तालमीच्या वेळेवरून भांडायचे. पण आभारप्रदर्शन कुणालाच नको असायचं. म्हणून ते माझ्याकडे आलं आणि मला चिकटलं.

आदल्या गणपतीत मी माती खाल्ली होती. हॉलच्या एसीचेसुद्धा आभार मानले आणि मोदक करणाऱ्या बायकांना विसरलो. "आम्ही पहाटेपासून उकड मळतोय, आणि हा एसीला धन्यवाद देतोय!" असं एक काकू चालू माईकजवळच म्हणाल्या. मग वर्षभर आमच्या बुकित पंजांग वस्तीतल्या लिफ्टमध्ये कुणी मराठी भेटलं की विचारायचं, "काय, एसी बरा आहे ना?" या वर्षी एकही नाव सोडायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

साउंडवाला नवा होता. पन्नाशीचा, किडकिडीत, इथून उत्तरेकडच्या, लष्कराच्या ताब्यातल्या एका देशाचा. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी माईक तपासताना तो "हॅलो, हॅलो" म्हणाला नाही. त्याच्या भाषेतल्या दोन ओळी गायला. हॉल पुसणारी बाई त्याच देशाची. तिचा मॉप थांबला. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली.

हा कोण, ते तिनंच मला सांगितलं. तिच्या लहानपणी चहाच्या प्रत्येक दुकानात याची कॅसेट वाजायची. पुढचं त्यानं सांगितलं, खालच्या हॉकर सेंटरमध्ये चहा पिताना, आढेवेढे घेत. तिथे प्रत्येक गाणं आधी लिहून सरकारी कचेरीत तपासायला द्यावं लागे. एका गाण्यात होडी उशिरा येते. साहेबानं विचारलं, "होडी म्हणजे कोण?" हा म्हणाला, "होडी म्हणजे होडी." गाणं नापास. मग एका जनरलच्या वाढदिवसाला बोलावणं आलं, तेव्हा यानं घसा बसल्याचं कळवलं. महिन्याभरात तो रेडिओवरून गेला, दुकानांतून गेला. त्याच्या टेपांवर दुसऱ्यांची गाणी भरली.

"मेलो असतो, तर वर्षातून एकदा तरी लावली असती," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सर, माझं नाव कुणाला सांगू नका. बहीण तिकडे आहे. तिच्या पासपोर्टचा अर्ज आत गेलाय. ती एकदा बाहेर येऊ दे."

"छे हो, मी कशाला सांगतोय?" मी म्हणालो. आणि अगदी मनापासून म्हणालो.

संध्याकाळी आभार रंगले. मोदकवाल्या काकू पहिल्या, रांगोळीवाल्या दुसऱ्या, चपला लावणारेसुद्धा सुटले नाहीत. "कुणी राहिलं का?" मी ऐटीत विचारलं.

"साउंडवाल्याचं राहिलं की!" त्याच काकू.

मी नुसतं 'आमचे साउंडवाले' म्हणू शकलो असतो. पण श्रोते खुशीत होते आणि माझ्या हातात गोष्ट होती. मी त्याचं नाव घेतलं. पूर्ण. होडी आणि जनरलसकट. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो उठला, आम्हाला पाहून शिकला होता तसे हात जोडले, आणि सबंध हॉलमध्ये फक्त माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्यानं माझा माईक हळूहळू बंद केला.

तरी मला अक्कल आली नाही. मंडळाच्या प्रथेप्रमाणे भाषण फोटोंसकट वेबसाइटवर जायचं, आणि ते टाकणाराही मीच. मराठी कोण वाचतंय, असं मला वाटलं. फोटोखाली त्याचं नाव मात्र इंग्रजीत होतं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तो आमच्या फ्लॅटवर आला. बहिणीला कचेरीत बोलावलं होतं. समोर तोच फोटो ठेवून विचारलं होतं, भाऊ बाहेर काय गातो? अर्ज परत केला होता.

 तो नुसतं म्हणाला, "काढून टाका. कॅमेऱ्यातल्या टेपवरूनही."

वेबसाइटवरचं मी त्याच्यासमोरच काढलं. मंडळाचा कॅमेरा माझ्याकडेच होता; तो टीव्हीला जोडून टेप लावली. आमच्या हौशी कॅमेरावाल्यानं दुपारच्या माईक तपासणीपासूनच चित्रीकरण केलं होतं. त्या दोन ओळी आल्या. स्वतःचा आवाज टेपवर ऐकून त्याला कित्येक वर्षं झाली होती.

"परत," तो म्हणाला. तीनदा म्हणाला.

नंतर मी कॅमेऱ्याचं झाकण लावून माझ्या भाषणावर काळं चित्र भरायला घेतलं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, त्यांना जेवायला थांबवा!" कुकरची शिट्टी झाली. "झालं, झालं," म्हणत मी घाईत बंद करायचं बटण दाबलं आणि टेप लावून पाहिली. सुरुवातीला काळोख. पुढे मी, झब्ब्यात, खणखणीत आवाजात त्याचं नाव घेणारा. टेप भाषणापर्यंत न्यायची मी विसरलो होतो; पुसलं गेलं होतं ते गाणं.

तो पडद्याकडे बघत राहिला. "सर," तो म्हणाला, "आमच्या कचेरीत तुम्हाला लगेच नोकरी मिळेल."

मग भाषणही पुसलं. या वेळी बरोबर. तो जेवायला थांबला नाही. बहीण काही आली नाही. पुढच्या गणपतीला साउंडला दुसराच माणूस होता, आणि पहिला कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी आभार मानणं सोडलं. काकूंना वाटतं, मला शिंगं फुटली.

टेप अजून आहे. पहिली दोन मिनिटं मी कधीतरी एकटाच लावतो. चित्र काळं, पण झाकण लावून आवाज थोडाच बंद होतो? बायकोची हाक येते, कुकरची शिट्टी येते, आणि तिच्या खालून कुणीतरी गुणगुणतंय. नुकत्याच तीनदा ऐकलेल्या त्याच दोन ओळी. पहिली पूर्ण होते. दुसरी अर्ध्यावर येते, आणि माझा आवाज येतो, "झालं, झालं."