पेठेने भर दुपारी दिवे लावले

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, स्वतःच्या दुकानात दिवा लावायची तुमची छाती आहे काय?

हसू नका. तुम्ही गादीवर बसणारे असाल, तर हसणारच नाही. दुकानदाराने दिवसाढवळ्या दिवा लावला आणि गादी उलटी केली, म्हणजे तो बुडाला. तोंडाने काही सांगावं लागत नाही. जाणारा-येणारा दिवा पाहतो आणि संध्याकाळच्या आत बातमी पनवेलपर्यंत पोहोचते. भात घालणारा शेतकरी गाडी वळवून नेतो, मुंबईचा अडत्या ओळख विसरतो. आमच्या कर्जतच्या पेठेत तर गादी जागची हलवली तरी तोच अर्थ. पाडव्याला मांडलेली गादी पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहायची.

माझे वडील तांदळाचे व्यापारी; मीठ, हळद, हिंग यांची किरकोळ विक्रीही चाले. पेठेतलं सर्वांत जुनं आणि मोठं दुकान आमचं. पुढे दुकान, मध्ये पोत्यांची थप्पी आणि तिच्या मागे आम्ही. वडील लहान असताना समोरच्या मिठाच्या व्यापाऱ्याने असा दिवा लावला होता. पेठेतली पोरं जमली, त्यांनी टाळ्या पिटल्या. वडीलही त्यांत होते. त्याच दिवशी तो माणूस बायकोपोरांना घेऊन घाटाकडे चालता झाला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. ही गोष्ट वडिलांनी मला एकदाच सांगितली. पण आमच्या दुकानात आभाळ भरून आलं तरी दिवा लागत नसे. गिऱ्हाईक म्हणे, "शेठ, तांदळातला खडा दिसत नाय हो." वडील म्हणत, "दाराशी ये. उजेडात बघ."

मी वाचायला शिकलो तो पुडीच्या कागदांवर. मुंबईहून रद्दीचे गठ्ठे येत. त्यांत सभांची भाषणं असत, विधवांच्या बाजूची पत्रकं असत, त्यांना शिव्या घालणारी असत, दारूविरुद्धची, देवाविरुद्धची, देवाच्या बाजूची. बहुतेक अर्धी फाटलेली. कित्येक वादांचा शेवट मला अजून ठाऊक नाही, कारण तो हिंगाबरोबर कोणाच्या तरी घरी गेला. पण त्या फाटक्या कागदांनी एक गोष्ट माझ्या हाडात उतरवली. खरं असेल ते मोठ्याने बोलावं, आणि घरातल्यांसमोर आधी बोलावं.

मग ते साथीचं वर्ष आलं. मुंबईत गाठीचा ताप सुटला आणि माणसं आगगाड्या भरभरून बाहेर पडू लागली. आमच्या स्टेशनावर डॉक्टर उभा राहून उतारूंच्या काखा चाचपू लागला. आधी उंदीर पडतात आणि मग माणसं, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळलं. घरं सोडा, माळावर झोपड्या बांधून राहा, असा सरकारी हुकूम आला. आसपासच्या गावांनी हुकमाची वाट पाहिली नव्हती. पळसदरीकडची शेतकरी कुटुंबं केव्हाच शेतात मांडव घालून राहिली होती. सोपं त्यांनाही नव्हतं. पण त्यांच्या घरात गादी नव्हती.

पेठ मात्र हलली नाही. धान्याची दुकानं म्हणजे उंदरांचं माहेर, मरण आधी आमच्याकडेच यायचं, हे प्रत्येकाला कळत होतं. तरी जो तो शेजाऱ्याच्या गादीकडे बघत बसला होता. उंदीर पडला की दुकानदार तो टोपलीखाली झाकायचा आणि राखेत गुंडाळून मागच्या ओढ्यात टाकून यायचा. शेजारच्या तेल्याला मी हे करताना पाहिलं.

"काय रं, काय बघतोस?"

"उंदीर."

"उंदीर नाय, पेंडीचा तुकडा हाय."

"पेंडीला शेपूट?"

"आमच्या घाण्याची पेंड हाय ती. तिला काय बी फुटतं. जा, तुजी पत्रकं वाच."

वाचायची कशाला, मी लिहायलाच बसलो. रद्दीतला एक जाड कोरा कागद घेतला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पेठकरांनो, उंदीर लपवाल, प्रेत कसं लपवाल?' आणि खाली चांगला हातभर मजकूर. मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवून आलो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी एका बाईला हळद बांधून दिली, ती त्याच कागदात. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगले दिवे लावलेत. पण कागद टिकाऊ आहे."

मी उसळलो. म्हणालो, "बाबा, गादी म्हणजे शेवटी कापूस."

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "अडत्यासाठी ती गादी म्हणजे मी. ती हलली असं कळलं की उद्या माझा शब्द कोण घेईल? माळावर बसून मग खायचं काय? पत्रकं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याही कागदात नव्हतं. तरी मी भांडत राहिलो. भांडणाला उत्तर लागतंच असं नाही.

पहिला धक्का दिला तो गिऱ्हाइकांनी. बाजाराच्या दिवशी डोंगरातले ठाकर लाकूडफाटा, शिकेकाई, मध घेऊन उतरत आणि मीठ, मिरची, सुकी मासळी घेऊन परत जात. त्या आठवड्यात ते आले, पण नदीपलीकडे थांबले. पाणी पोटरीएवढं होतं, तरी एकानेही पाऊल घातलं नाही. त्यांचा म्हातारा पलीकडून ओरडला, "पेठंत उंदीर मेलं, आमाला ठावं हाय! आमी नदी नाय उतरनार. तुमी मीठ घेऊन हिकडं या!"

"दुकान काय डोक्यावर घेऊन येऊ?" तेली ओरडला.

"मंग ऱ्हावा थितंच, उंदरांना इका!"

सगळा बाजार त्या दिवशी माश्या मारत बसला. ज्या गिऱ्हाइकासाठी गादी धरून बसलो होतो, ते गिऱ्हाईकच नदीपलीकडे उभं राहून आम्हांला हसत होतं. संध्याकाळी ते लाकूडफाटा तिथेच टाकून निघून गेले. परत उचलून न्यायलाही थांबले नाहीत.

त्यानंतर दोनच दिवसांत आमच्या घरात उंदीर पडला. माझी सर्वांत धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती. आई तिला उचलायला गेली, तर पाळण्याखाली उंदीर, तोंडाला रक्त. आईने आरडाओरडा केला नाही. मुलीला कडेवर घेतलं आणि ती थेट दुकानात आली. पेठेच्या समोर, पुरुषांच्या देखत, ती दुकानात कधी येत नसे. वडील गादीवर होते.

"अहो, पाळण्याखाली पडलाय," ती म्हणाली. "तुमची गादी तुम्ही सांभाळा. उद्याची रात्र मी या पोरीला घेऊन या छपराखाली काढणार नाही. माळावर आंब्याखाली बसेन. लोक विचारतील शेठची बायको उघड्यावर का, तर काय सांगायचं तेवढं आजच ठरवून ठेवा."

आई आत गेली. मी तोंड उघडलं, तर वडिलांनी नुसता हात वर केला. माझ्या हातभर मजकुरापेक्षा तिची चार वाक्यं भारी होती.

संध्याकाळी देवळात पेठेची बैठक भरली. बांगड्यांचा कासार, तेली, कापडवाले, मसालेवाले, सगळे होते. सगळ्यांना निघायचं होतं आणि पहिलं कोणालाच निघायचं नव्हतं. शेवटी तेली वैतागून म्हणाला, "एकाचं दिवाळं निघालं की पोरं टाळ्या पिटत्यात. आख्ख्या पेठंनं एकाच दिवशी काढलं, तर पोरांचं हात मोडतील!"

कित्येक दिवसांनी पेठ हसली. मी मात्र हसलो नाही. ताडकन उठलो आणि म्हणालो, "मग काढूया! सगळ्यांनी. उद्याच. प्रत्येक दुकानात दिवा, प्रत्येक गादी उलटी. सगळेच बुडाले तर बुडालेला ओळखणार कोण?"

हसणं थांबलं. कासार हळूच म्हणाला, "खरं हाय. पण आधी कोण लावणार? मी लावला आणि तुमी नाय लावला, तर मी मेलो."

"तू लहान दुकानदार, तुझं कमीच बुडेल," कापडवाला म्हणाला.

"लहानाचं कमी बुडत नाय, शेठ. सगळंच बुडतं."

तेव्हा माझे वडील बोलले. खांबाला टेकून बसले होते, तसेच बसून. "कासाराने आधी लावला तर लोक म्हणतील बुडाला. तेल्याने लावला तरी तेच. माझ्या दुकानात लागला तर म्हणतील, म्हाताऱ्याला वेड लागलं. वेडा म्हटलेलं मला परवडेल. उद्या ऊन डोक्यावर आलं की पहिला दिवा माझा."

"आणि शेठ, तुमच्यामागनं कोनी लावलाच नाय, तर?" तेल्याने विचारलं.

"तर मी वेडा नव्हतो, बुडालोच होतो असं ठरेल," वडील म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी आईने देवघरातली समई घासून, वात घालून दुकानात आणून ठेवली. वडिलांनी काडी ओढली, ती विझली. दुसरीही विझली. तिसरी पेटली. मग त्यांनी आपल्या वडिलांपासून चालत आलेली गादी दोन्ही हातांनी उचलली आणि उलटी टाकली. खालून निघालेल्या धुळीने ते खोकले. नंतर उंबऱ्यावर येऊन बसले आणि रस्त्याकडे पाहू लागले.

प्रत्येक दुकानात माणूस उभा होता, प्रत्येकाच्या हातात दिवा होता आणि एकही पेटलेला नव्हता. पोरं धावत आली. एका पोराने टाळीसाठी हात वर केले, तेवढ्यात त्याला वडिलांची नजर दिसली.

"वाजव रे," वडील म्हणाले. "मीही एकदा वाजवली होती."

पोराने हात पाठीमागे घेतले. आमचं घर, वडिलांचा शब्द, माझी सगळी मोठमोठी वाक्यं, सगळं त्या एका वातीवर टेकलं होतं. मला वाटलं, आता मी प्रत्येकाच्या दुकानात जाऊन ओरडावं. पण त्याची गरज पडली नाही. पेठेच्या टोकाला, सर्वांत लहान दुकानात, कासाराचा दिवा लागला. बांगड्यांच्या माळांवर उजेड हलला. मग मसालेवाल्याचा. मग आमच्या शेजारी तेल्याने एक पणती लावली, तिच्याकडे पाहिलं, 'छ्या!' म्हणाला आणि ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पणत्यांची रांगच लावून टाकली.

"तेलाचं दुकान हाय," तो ओरडला, "एका दिव्यावर भागवू व्हय? बुडायचं तर झोकात बुडू!"

मग कापडवाले राहतात कशाला! बघता बघता पेठेच्या दोन्ही बाजूंना रणरणत्या उन्हात दिवे जळू लागले. आणि टाळ्या पडल्याच. पोरांनी नव्हे, आम्ही पिटल्या. मी आयुष्यात पाहिलेला सर्वांत मोठा विजय तो. त्यात कोणी हरलं नव्हतं.

त्याच दिवशी पेठ नदी उतरून पलीकडच्या माळावर गेली. गाड्या, पोती, बरण्या, पाळणा, पणत्या. आंब्याच्या फांदीला आमचा तराजू टांगला आणि गादी गवतावर सुलटी घातली. पुढच्या बाजाराच्या दिवशी ठाकरांचा म्हातारा आला, तराजूकडे पाहून म्हणाला, "शेठ, बुडालात जनू?"

"पार बुडालो."

"मंग पायलीभर मीठ घाला."

बातमी पसरायची ती पसरलीच. गाडीवानांनी खालापुरात नेली, तिथून ती पुढे गेली. आठवडा गेला नाही तो मुंबईच्या अडत्याचा माणूस धापा टाकत आला. अख्खी पेठ बुडाली म्हणून वसुलीला आला होता. आंब्याखाली बसून त्याने दिवसभर बाजार पाहिला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि जाताना विचारलं, "पुढचा तांदूळ कधी पाठवता?" पुढे खालापूरच्या दुकानदारांनी निरोप धाडला, दिवे नेमके कधी आणि कसे लावलेत ते कळवा. तेल्याने उलट निरोप दिला, "वाती तुमच्या, तेल आमच्याकडनं घ्या."

सगळेच वाचले, असं मी लिहिणार नाही. तेल्याची म्हातारी आई घाणा सोडून आली नाही. पेठेतल्या इतर घरांतही माणसं गेली, त्यांना आधीच ताप होता. तेली कित्येक दिवस थट्टा विसरला होता. पण माझी बहीण आंब्याच्या मुळाला धरून उभी राहायला शिकली. पेठेतली कितीतरी मुलं तिथेच चालायला शिकली. साथ उतरल्यावर आम्ही परतलो, कौलं काढून घरांत ऊन घेतलं, चुना फासला, आणि गाद्या पुन्हा मांडल्या. पाडव्याची वाट कोणी पाहिली नाही.

त्यानंतरची एक गोष्ट सांगितली नाही तर माझं सांगणं अपुरं राहील. पुढल्या वर्षी कासार खरंच बुडाला. माल फुटला, घेतलेलं फिटेना. एका दुपारी त्याने दुकानात दिवा लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पोरं जमली, पण टाळी वाजली नाही. एक पोर आत डोकावून म्हणालं, "काका, उंदीर पडला का?" तेवढ्यात तेली आला, वडील आले, कापडवाला आला. ज्या दिव्याने पूर्वी माणसं पळून जात, त्या दिव्याने ती मदतीला जमली. कासार आज त्याच दुकानात बांगड्या भरतो. साथीशी आम्ही लढलो असं लोक म्हणतात. मी म्हणतो, आम्ही लाजेशी लढलो आणि तिला चारी मुंड्या चीत केलं.

साथ गेली असं कोणी म्हणत नाही. ती अजून या गावातून त्या गावात हिंडते आहे. म्हणून हे वाचून कागद खाली ठेवलात की एवढं करा. उठा, तुमच्या पेठेतल्या सर्वांत मोठ्या दुकानात जा आणि त्याच्या मालकाला चारचौघांत विचारा, "उंदीर पडला तर पहिला दिवा तुम्ही लावाल ना?" तो मालक तुम्हीच असाल, तर जाऊ नका कुठे. समई आजच घासून ठेवा.