बाबांच्या कॅसेटमधलं हमिंग

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बौद्ध घरातला माणूस, त्यात रेडिओ-टीव्ही मेकॅनिक... लाखनीला हायवेवर माझं दुकान आहे. ‘सेट आपोआप बोलतो’ म्हणून लोक घाबरून येतात, मी उघडतो, आत झुरळ निघतं. पण घरचंच एक प्रकरण मला आजवर सुटलेलं नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बाबा वारले त्याला वर्ष होत आलं होतं. स्मृतिदिनाला घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला आणि आईने एकच हट्ट धरला – बुद्धवंदना बाबांच्याच आवाजात व्हायची. बाबा रोज सकाळी एक ओळ म्हणायचे, थांबायचे, आई ती मागून म्हणायची. मी कधी त्यांच्यासोबत बसलो नाही. आम्हा साहेबांना सोल्डरिंग महत्त्वाचं! एकदा मात्र आई माहेरी सानगडीला गेलेली असताना मी सहज बाबांसमोर टेप रेकॉर्डिंगला ठेवला होता. त्यामुळे कॅसेटमध्ये बाबांच्या ओळी आणि मधे आईसाठी सोडलेली जागा, एवढंच.

ती घरच्या स्टिरिओवर लावली, तर त्या मोकळ्या जागांमध्ये घूंऽऽ असं हमिंग. म्हटलं, केबल! डेकपासून अँप्लिफायरला जाणारी केबल बदलली, मेन्सच्या वायरीपासून लांब नेली, प्लग उलटा करून पाहिला, अर्थिंग तपासलं... काही फरक नाही. केबल काढली की शांत, जोडली की घूं. बरं, कॅसेटमध्येच दोष म्हणावा, तर दुकानातल्या डेकवर हीच कॅसेट साफ वाजायची. आणि घरी दुसरी कुठलीही कॅसेट लावा, हमिंग नाही. दोन दिवस असा वैतागलो की जेवणात लक्ष नव्हतं. गावभराच्या स्टिरिओतलं हमिंग काढणारा मी, घरात हात टेकले.

आई म्हणाली, “काहून त्या आवाजाच्या मागं लागला? थे आयकू तं येऊन राहिले ना.”

कार्यक्रमाच्या सकाळी पंचवीसेक माणसं जमली. मी ओशाळूनच प्ले दाबलं. बाबांची पहिली ओळ आली... आणि आईला रडू कोसळलं. शब्दच फुटेना. हमिंग सुरू. ती जागा पाच सेकंदांची होती, तपासून तपासून मला पाठ झाली होती. पाच झाले, दहा, तीस... कॅसेटची चाकं व्यवस्थित फिरत होती. मिनिट उलटलं तरी पुढची ओळ येईना. लोक माझ्याकडे बघायला लागले, तसा मी स्टॉपकडे हात नेला.

“बंद नोको करू,” आई म्हणाली. “तुहे बाबा थांबून राहिले.”

तिने डोळे पुसले, ओळ म्हटली. हमिंग थांबलं आणि बाबांची दुसरी ओळ सुरू झाली.

दुपारी माणसं गेल्यावर मी घड्याळ हातात घेऊन तीच कॅसेट ऐकली. पाच सेकंद. परत लावली... पाचच. कुणी म्हणेल डेकचा बेल्ट घसरला असेल. बेल्ट घसरला तर आवाज ओढल्यासारखा येतो, आणि चाकं मी स्वतः बघत होतो.

आता आईही नाही. स्टिरिओ चालू आहे, कॅसेटही चांगली आहे, पण मी लावत नाही. लावली तर पहिल्याच ओळीला मलाही रडू कोसळणार, हे मला ठाऊक आहे. आणि बाबा माझ्यासाठी थांबले नाहीत तर?