हरभऱ्यात उतरलेले पट्टकादंब

दिवाळीच्या सुट्टीत मी बायकोला कसंबसं तयार केलं. मोटारसायकलवर गोरेगाव या आमच्या खेड्यातून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. साखऱ्याकडच्या एका तलावावर थंडीच्या तोंडाला लांबची पाखरं उतरतात, असं मी ऐकलं होतं. मला पट्टकादंब बघायचे होते. हिमालय ओलांडून येणारे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हंसासारखे पक्षी.

तलावाच्या मातीच्या पाळीवर बसून मी दुर्बिणीतून सगळं पाणी धुंडाळलं. चार तुतवार, शेपटी हलवणारे दोन धोबी आणि बगळे. बायकोनं डबा उघडला.

"बगळे तर आपल्या नाल्यावर बी हाईत," असं म्हणून तिनं ठेचा माझ्याकडे सरकवला.

तेवढ्यात खालच्या शेतातून एक म्हातारी काठी टेकत वर आली. "काय मोजून राहिले तुमी? तलाव वाढवून राहिले का?" तिनं काठी माझ्या दुर्बिणीकडे रोखली. दुर्बीण बघून तिला आम्ही तलावासाठी तिचं शेत घ्यायला आलेले जमीन मोजणारे वाटलो होतो.

"न्हाई मावशी, मी शाळेत मास्तर हाय. पाखरं बघायला आलो."

तिचा विश्वास बसेना. बायकोनं तिला जवळ बसवून भाकरी दिली, तेव्हा ती निवली. मी पक्ष्याचं वर्णन केलं तशी ती हसायलाच लागली. "मंग इथं काहून बसले? ते माह्या हरभऱ्यात हाईत. त्याईला हाकलायलाच निघाले व्हते मी."

तिच्यामागे शेतात उतरून बांधाआडून पाहिलं. बोटभर उगवलेल्या हरभऱ्यात तीसेक पट्टकादंब आरामात चरत होते. मी मोजायला लागलो आणि दोनदा चुकलो. मग दुर्बीण मावशीच्या हातात दिली. ती डोळ्याला लावून थव्यावरून फिरवत राहिली.

"दर साली हाकलते," ती हळूच म्हणाली, "पण डोक्यावरचे पट्टे आजच दिसले."

दुर्बीण परत देत तिनं विचारलं, "झालं का बघून? आता लागा हाकलायला."

ज्यांच्यासाठी पहाटे उठलो, त्यांच्यामागे मी टाळ्या वाजवत, ओरडत धावलो. बायको चपला हातात घेऊन माझ्याही पुढे. सगळा थवा एकदम उठला आणि डोक्यावरून इतक्या खालून गेला की पंखांचा वारा लागला.

निघताना मावशीनं बायकोच्या पदरात चार सीताफळं टाकली. "उद्या बी या," ती म्हणाली, "एकटीच्यानं होत न्हाई."

दुसऱ्या दिवशीही आम्ही गेलो. या वेळी पहाटे बायकोच मला उठवत होती.