कमळूची बांधावरची बायको

कमळूनं पहिली बायको शेताच्या बांधावर पुरली, अशी कंडी मुरबाडच्या बाजारापर्यंत पोचली होती. शेणव्यात मी कमळूचा शेजारी, म्हणून चौकशीला लोक माझ्याकडे यायचे. मी आधी एक उसासा सोडायचो, त्यांचे डोळे मोठे झाले की मग सांगायचो: ती बायको म्हणजे रुईचं झुडूप, आणि अजून हिरवंगार आहे.

आमच्याकडे बिनलग्नाच्या पोरानं विधवेशी पाट लावायचा, तर आधी त्याचं लग्न रुईशी लावतात. मग बाई दुसरी ठरते आणि देवधर्म गप्प बसतो. कमळू तेव्हा विशीतला, गुणाबाई तिशी ओलांडलेली. पण करणार काय? कुमारी पोरीच्या बापाला देज म्हणून भात नि रोकड मोजावी लागायची, आणि कमळूच्या कणगीत उंदीरसुद्धा राहत नव्हता. विधवेचं देज नावापुरतं. वर बाई पहिल्या दिवसापासून पुऱ्या कामाची. भरल्या कणगीचे म्हातारे कोवळ्या पोरी न्यायचे, रिकाम्या कणगीच्या पोरांना थोराड बाया उरायच्या. गुणाबाईलाही बापानं पहिल्यांदा असल्याच एका म्हाताऱ्याला दिली होती.

रुईला मी थोरली वहिनी म्हणायचो. गुणाबाई हसायची. "बरी हाय ती, भावजी. खायाला मागत नाय."

मग पंधरा-वीस वर्षांनी दुसरी मोठी लढाई आली, मुंबईच्या मोटारी कोळशावर धावायला लागल्या आणि या दोघांनी रानात भट्टी धरली. लाकडं रचायची, माती लिंपायची, धूर राखायचा, सगळं गुणाबाईनं. कोळसा विकायचा कमळूनं. कणगी भरली. भरली कणगी लांबून दिसते. टोकावड्याचा अनंता आपल्या पोरीचं, हिरीचं, स्थळ घेऊन येणार, असं कानावर आलं.

तेव्हापासून गुणाबाईचं बूड ठरेना. पोटी मूल नव्हतं, केस पिकलेले. सवत आली की आपली जागा चुलीपासून गोठ्यात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. भात चुलीवर ठेवून वाटेकडे बघायला जायची, तो खाली लागायचा. कमळूला विचारायची नाही. तो करपलेलं मुकाट गिळायचा आणि कणगीभोवती घुटमळायचा.

"थोरलीचा सल्ला घे गो," मी एकदा म्हटलं. ती हसली नाही.

अनंता आला तो थेट ओटीवर, कणगी दिसेल असा बसला. मी पान खायच्या निमित्तानं हजर होतोच.

"पोर सोळाची हाय," तो कमळूला म्हणाला. "भट्टीवर घाला, शेतावर घाला. गुणाबाय आता किती दिवस पुरनार?"

कमळू जमिनीकडे बघत म्हणाला, "तसं खोटं नाय तुमचं."

आत पळीचा आवाज थांबला. गुणाबाई उंबऱ्यात आली. ती बोलली आणि अनंता जेवायलाही थांबला नाही. पुढं त्यानं हिरी तिच्याच जोडीच्या एका पोराला दिली, देज सवडीनं घेतलं. कमळूनंही पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही. ती बोलली ते एवढंच:

"मलाबी बापानं कनगी बघूनच दिलवती. भात सरला, म्हातारा सरला, मी उरले. तुमी पोर आना, अनंताभाव, मी नाय म्हनत नाय. पन येताना रुईचं एक रोप घेऊन या. पुढं तिच्या पाटाला लागंल."