मालकांचं "करा"

आमची बटई एका शब्दावर चालायची. पाडव्याला मालक लातूरहून यायचे, आमच्या ओसरीत पुरणपोळी खायचे आणि हात धुता धुता म्हणायचे, "करा." आमचे हे म्हणायचे, "हाव मालक." झालं. चाकूरजवळचं त्यांचं रान पुढच्या पाडव्यापर्यंत आमच्याकडे. कागद नाही, काही नाही. खर्च निम्मा, माल निम्मा. आमची स्वतःची जमीन म्हणाल तर घर उभं आहे तेवढीच.

बैलजोडी होती म्हणून रान आमच्याकडे होतं, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. मालकांची नोकरी लातुरात, औत हाकायला ते कुठले येणार? पुढे वैरण परवडेना, बैल विकले आणि आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायला लागलो. मला तर कोण सुख झालं! शेणघाण सुटली एकदाची.

एकदा मालक नांगरट बघायला आले. ह्यांना भारी हौस. ट्रॅक्टरवाल्याला त्यांच्यापुढे उभं केलं, वर त्याचा नंबर मालकांच्या फोनात घालून दिला. "लई भरोशाचा माणूस हाय, मालक." सोयरीक जुळवल्यासारखे खूश होते.

पुढच्या पाडव्याला मालकांनी पोळी खाल्ली, तूप मागून घेतलं, हात धुतले आणि म्हणाले, "बघू." हे पाण्याचा तांब्या धरून तसेच उभे. मग मालकच खाली बघत बोलले, "आता फोनवर सगळं व्हायलंय हो. नांगरट, पेरणी, फवारणी. तुमच्यावर राग न्हाई." राग असता तर समजूत तरी काढली असती.

ह्यांनी दुसरं रान लई शोधलं. ज्याच्या दारात जावं, त्याच्या फोनात तोच नंबर. शेवटी हे लातूरला दाल मिलमध्ये पोती उचलायला लागले. सोयाबीनला हार्वेस्टर आलं तेव्हा मी त्याच रानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होते. यंत्राला वळता येईना म्हणून कोपरे तसेच सोडले. ते कोपरे मी रोजावर, विळ्यानं काढायचे होते. भयंकर राग आला मला, पण कुणावर काढू?

येळवशीच्या आदल्या दिवशी हे घरी आले होते. येळवस म्हणजे रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालून पांडव पुजायचे, आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. तेवढ्यात मालकांचा फोन आला. हे घाईघाईनं उठून उभे राहिले.

"पोरांची परीक्षा हाय, आमचं येणं व्हईना. कोप, पूजा, आंबील, हे काय ट्रॅक्टरवाल्याला जमतंय? रानाला तुमच्या हाताची सवय हाय. येवढी येळवस तुम्हीच करा."

आमच्याकडे आता कोपीपुरता कडबाही नव्हता. मी हातानं नको नको म्हणत होते.

"हाव मालक," हे म्हणाले, अगदी पाडव्याला म्हणायचे तसंच.